जड बाजू खाली येते

साताऱ्याहून कोल्हापूरला जाताना कराड मागे पडलं, की रस्ता मोकळा होतो आणि मनगट आपोआप ॲक्सिलरेटर पिळतं. साठ-पासष्टपर्यंत माझी दीडशे सीसीची गाडी शहाण्यासारखी चालायची. काटा सत्तरवर आला, की मुठींमध्ये मुंग्या सुरू. पंचाहत्तरला आरशातलं मागचं जग पुसट व्हायचं. पंच्याऐंशीच्या पुढे हे सगळं थोडं निवळायचं, पण तिथे मला राहायचं नव्हतं.

तीन महिने मी हे सहन केलं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, रस्ताच खराब आहे. दुसऱ्याने हँडलचा कोनसेट बदलला आणि बिल हातात दिलं. तिसरा म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. दरम्यान एकदा आई मागे बसली होती. हँडल थरथरायला लागलं तसा तिने माझा खांदा इतका घट्ट धरला, की बोटांचे वळ उठले. त्यानंतर माहेरी जायचं झालं, की मी तिला एसटीत बसवून द्यायचो आणि मागून एकटा गाडी न्यायचो. ती काही बोलली नाही. मीही नाही.

कोल्हापुरात मामाने गाडी पाहिली. त्याची उभी हयात शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेली आहे. त्याने एकच प्रश्न विचारला. "टायर कधी बदललास?"

"तीन महिने झाले असतील."

"आणि हे थरथरणं कधीपासून?"

मी गप्प.

"मग इंजिनाला कशाला दोष देतोस? चाक काढ की."

खडूची एक खूण

मामाने पुढचं चाक काढलं. चाकाच्या दोन्ही बेअरिंगांमध्ये घट्ट बसतील असे दोन शंकू लेथवर काढून ते एका सळईवर चढवलेले होते. ती सळई त्याने चाकातून घातली. विटांच्या दोन रचलेल्या थरांवर लोखंडी अँगल ठेवले, गवंड्याची लेव्हल लावून ते सपाट असल्याची खात्री केली आणि सळईची दोन टोकं अँगलांच्या कडांवर टेकवली. चाक मध्ये अधांतरी.

मग त्याने चाकाला एक हलकासा धक्का दिला. चाक सावकाश फिरलं, थांबलं, उलटं वळलं, पुन्हा सुलटं आलं. पाळण्यासारखं झुलत झुलत एका जागी स्थिरावलं. सगळ्यात खाली जो भाग होता तिथे मामाने खडूने रेघ मारली. चाक पाव फेरा फिरवून सोडलं. रेघ पुन्हा खाली आली. अर्धा फेरा फिरवून सोडलं, तरी रेघ खालीच.

"जड बाजू खाली येते," मामा म्हणाला. "तिला कुणी शिकवावं लागत नाही."

त्याने माझ्याकडून दहा रुपयांची नाणी मागितली. रेघेच्या बरोबर समोर, रिमवर, एक नाणं चिकटपट्टीने लावलं. चाक अजून खाली येत होतं, पण आळसावून. दोन, तीन. चौथं नाणं लावल्यावर चाक जिथे सोडावं तिथे थांबायला लागलं. दहाचं एक नाणं ७.७१ ग्रॅमचं, म्हणजे चार नाणी जवळपास ३१ ग्रॅम. दोन मोठे चमचे साखरेइतकं वजन. एवढ्यासाठी मी इंजिन खोलायला निघालो होतो.

तीस ग्रॅमचे साडेतीन किलो

सव्वाशे-दीडशे किलोच्या गाडीला तीस ग्रॅमनी काय फरक पडतो, हा प्रश्न रास्त आहे. उभ्या गाडीला काहीच नाही. फरक फिरण्याने पडतो.

दोरीला दगड बांधून गरगर फिरवला, की हात ओढला जातो. वेग दुप्पट केला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. सतरा इंची चाक ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदाला साडेअकरा फेरे घेतं. त्या वेळी रिमवरचे जादा ३० ग्रॅम चाकाला सुमारे साडेतीन किलोच्या जोराने ओढतात. ही ओढही एका दिशेची नसते. ती वर, पुढे, खाली, मागे अशी सेकंदाला साडेअकरा वेळा फिरते. ताशी ४० ला तीच ओढ पाऊण-एक किलोची असते. म्हणून गावात फिरताना काही कळत नाही आणि हायवेला लागलं की हात बधिर होतात.

या वर्गाच्या हिशोबातच चाक तोलण्याचा सगळा इतिहास आहे. माणूस हळू चालत होता तोवर त्याला चाकाच्या तोलाची फिकीर नव्हती.

१८८८ : बेलफास्ट आणि बेळगाव

हवेचा टायर दोनदा शोधला गेला. पहिल्यांदा रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या. घोडागाडीला हवेच्या टायरची निकड भासली नाही आणि कल्पना विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी रबरी नळीत हवा भरली आणि पेटंट घेतलं. पुढे थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचं रद्द झालं, पण तोवर सायकली हवेवर धावू लागल्या होत्या.

आपल्याकडे किर्लोस्कर समूह आपली सुरुवात याच १८८८ सालची सांगतो, बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. नांगर आणि पंपांच्या आधी किर्लोस्करांच्या हातात सायकलचं चाक होतं. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या पट्ट्यातल्या कारागिरीची एक मुळी सायकल दुकानात आहे, ही गोष्ट पुढे कामाला येईल.

सायकलला चाकाचा तोल साधायची गरज नसते. तिथे प्रश्न असतो तो चाक वाकडं चालण्याचा. सायकलवाले त्याला 'आउट' म्हणतात. चाक उलटं टांगायचं, फिरवायचं, रिमजवळ खडू किंवा बोट धरायचं, घासेल तिथले स्पोक सैल-घट्ट करून आउट काढायचा. आउट म्हणजे आकारातली चूक आणि तोल जाणं म्हणजे वजनातली चूक. एखादं चाक अगदी सरळ फिरत असूनही एका बाजूला जड असू शकतं.

आणि टायरचं चाक थोडंफार जड-हलकं असतंच. टायर म्हणजे रबर लावलेल्या कापडाचे थर. ते गुंडाळताना कुठेतरी एकाचं टोक दुसऱ्यावर चढतं. रिमला सांधा असतो. ट्यूबच्या किंवा रिमच्या एका जागी व्हॉल्व्ह असतो. काही ग्रॅम इकडे, काही तिकडे.

१८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रँड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी बनवलेली पहिली मोटरसायकल आली. तिला हवेचे टायर होते, पण वेग होता ताशी ४०-४५ किलोमीटर. थरथर असलीच तर ती इंजिनाच्या धक्क्यांत बुडून जात असणार. १९०७ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावर टीटी ही शर्यत सुरू झाली. त्या वर्षी चार्ली कॉलिअरने मॅचलेस गाडीवर ताशी साधारण ६१ किलोमीटर सरासरीने ती जिंकली. पन्नास वर्षांनी, १९५७ मध्ये, बॉब मॅकइंटायरने गिलेरा गाडीवर तिथे ताशी १०० मैलांच्या वरची पहिली फेरी मारली, म्हणजे सुमारे १६२ किलोमीटर. वेग झाला अडीच पटींहून थोडा जास्त. तेवढ्याच जादा वजनाची ओढ झाली सातपट.

कारखान्यातून अंगणात

मामाने जी पद्धत वापरली ती टायरपेक्षा जुनी आहे. दोन सपाट, समांतर कडांवर दांडा ठेवायचा आणि जड बाजू खाली येईपर्यंत थांबायचं. सहाणेची चाकं, पट्ट्याच्या पुली, इंजिनांची फ्लायव्हील कारखान्यात अशीच तोलली जात. उद्यमनगरात मामा ऑइल इंजिनच्या फ्लायव्हीलवर हे शिकला. तिथे वजन लावत नाहीत, जड बाजूला भोक पाडून वजन काढतात. टायरला भोक पाडता येत नाही, म्हणून समोरच्या बाजूला वजन लावायचं. एवढाच फरक.

स्पोकच्या चाकाला सोपा उपाय होता. रिमजवळ, निपलच्या वर, स्पोकला सोल्डरची तार गुंडाळायची. चार वेढे जास्त झाले तर दोन सोडायचे. मामाच्या जुन्या बुलेटच्या पुढच्या चाकावर ती तार अजून आहे. मी लहानपणापासून ती पाहत आलो आणि स्पोक तुटला होता म्हणून बांधली असेल, असं धरून चाललो होतो.

या पद्धतीला फक्त दोन गोष्टी लागतात, घर्षण कमी हवं आणि हातात वेळ हवा. घरी लोक दोन स्टुलांवर चाकाचाच ॲक्सल ठेवून चाक त्याच्या बेअरिंगवर फिरवतात. तेही चालतं, पण बेअरिंगमधलं ग्रीस आणि धुळीची रबरी सीलं चाकाला आधीच थांबवतात. मग दहा-पंधरा ग्रॅमचा फरक लपून राहतो. मामाच्या सळईत बेअरिंग फिरतच नाही, सळई कडांवर लोळते. ग्रीस काय म्हणतं याला तिथे किंमत नाही.

लाटणं आणि पोळपाट

मग टायरच्या दुकानातलं ते स्क्रीनवालं यंत्र कशासाठी?

घरातलं लाटणं घ्या. एका टोकाला वरच्या बाजूने कणकेचा गोळा चिकटवा, दुसऱ्या टोकाला तेवढाच गोळा खालच्या बाजूने. मामाच्या अँगलांवर हे लाटणं ठेवलं तर ते कुठेही शांत थांबेल, कारण वरचं आणि खालचं वजन सारखं आहे. पण जोरात फिरवलं, तर एक टोक इकडे आणि दुसरं तिकडे ओढलं जाईल आणि लाटणं डगमगेल. ही चूक फिरवल्याशिवाय दिसत नाही.

वीज निर्माण करणारी यंत्रं आली तशी ही अडचण मोठी झाली, कारण त्यांचे फिरते भाग लाटण्यासारखे लांब होते. कॅनडात हेन्री मार्टिनसनने १८७० मध्ये तोल तपासणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. जर्मनीत फ्रान्झ लावाचेक याने ती कल्पना सुधारली आणि १९०८ मध्ये डार्मस्टाटच्या कार्ल शेंक कंपनीने तिचे हक्क घेतले. आजची टायर बॅलन्सिंगची यंत्रं त्याच घराण्यातली. चाक फिरवायचं, दोन्ही कडांची ओढ वेगवेगळी मोजायची, दोन्हीकडे वेगवेगळं वजन लावायचं.

मोटारगाडीचं चाक रुंद असतं, त्याच्यात लाटण्याचा गुण आहे. त्याला यंत्र हवंच. मोटरसायकलचं चाक मात्र पोळपाटासारखं, व्यासाने मोठं आणि जाडीने कमी. त्यात लाटण्याची चूक असली तरी किरकोळ असते. म्हणून रचलेल्या विटांवरचा मामाचा उपाय हे गरिबाचं काम भागवणं नाही. शंभर-सव्वाशे मिलिमीटर रुंदीच्या टायरसाठी प्रश्नच एवढा आहे, की जड बाजू कोणती. विटा त्याचं बरोबर उत्तर देतात. फार रुंद मागचे टायर आणि शर्यतीचे वेग आले, की तिथे यंत्र वरचढ ठरतं.

टायरमधले मणी

तिसरी पद्धत सगळ्यात विचित्र आहे. टायरमध्ये बारीक गोल मणी टाकायचे, काचेचे किंवा सिरॅमिकचे. चाक तोलायचं नाही, वजन लावायचं नाही. गाडी चालवा, मणी आपली जागा शोधतील. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही थाप वाटली. सुटे मणी जड बाजूलाच का नाही जमणार?

याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका चुकीत आहे. १८६९ मध्ये विल्यम रँकिन या मोठ्या अभियंत्याने लिहिलं, की फिरत्या दांड्याला वेगाची एक मर्यादा असते. ती ओलांडली की दांडा वाकत जाणार, पुढे जाणं शक्य नाही. हिशोब रँकिनचा होता, त्यामुळे मान्य झाला. स्वीडनमधल्या गुस्ताफ द लाव्हालने ते मनावर घेतलं नाही. दुधातून मलई वेगळी काढणारं फिरतं यंत्र याच माणसाचं. १८८९ च्या सुमारास त्याने आपलं वाफेचं टर्बाइन मुद्दाम बारीक, लवचीक दांड्यावर बसवलं. मर्यादेच्या वेगाला ते थरथरलं आणि त्याच्या पुढे जाऊन शांत झालं. मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत त्याची टर्बाइनं फिरत. १८९५ मध्ये फॉपल या जर्मन शास्त्रज्ञाने आणि १९१९ मध्ये जेफकॉटने त्यामागचं गणित उलगडलं.

गणिताचा अर्थ साध्या भाषेत असा, की प्रत्येक फिरत्या वस्तूचा थरथरण्याचा एक खास वेग असतो. त्याच्या खाली जड बाजू बाहेर झेपावते. त्याच्या वर गेलं की वस्तू उलट वागते, आपल्या जडपणाच्या केंद्राभोवती फिरू लागते आणि हलकी बाजू बाहेर राहते. आता आत काही सुटं असेल तर ते बाहेरच्या बाजूला, म्हणजे हलक्या बाजूला सरकतं आणि आपोआप तोल साधतं. फ्रान्सच्या मॉरिस लब्लांने १९१६ च्या पेटंटमध्ये द्रव भरलेलं कडं सुचवलं, १९३० च्या दशकात थिअर्लने कड्यात गोळ्या फिरवल्या. तुमच्या घरी वरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन असेल, तर टबच्या काठाचं प्लास्टिकचं पोकळ कडं हलवून बघा. अनेक मशीनच्या कड्यात मिठाचं पाणी असतं. टायरमधले मणी हे त्याच कल्पनेचं नातवंड.

पण गणिताचा दुसरा अर्धा भाग मण्यांच्या पाकिटावर ठळक लिहिलेला नसतो. त्या खास वेगाच्या खाली मणी चुकीच्या बाजूला जातात. म्हणजे मदत होते ती वेग पकडल्यावर. टायरमध्ये ओल असेल तर त्यांचे गठ्ठे होतात, बारीक मणी व्हॉल्व्हमध्ये अडकतात. पंक्चरसाठी टायरमध्ये ओतलेला द्रव वाळून एका जागी धरला, तर तो स्वतःच जड बाजू होऊन बसतो. माझी गाडी सत्तर-पंचाहत्तरला बेताल व्हायची आणि पंच्याऐंशीला निवळायची, ती रँकिनच्या मर्यादेवरून जात होती, हे मला मामाकडे कळलं नाही. ते नंतर वाचताना कळलं.

आपल्याकडे हे उशिरा का आलं

१९५५ पासून मद्रासमध्ये एन्फिल्डची बुलेट तयार होऊ लागली, १९६० च्या दशकात म्हैसूरहून जावा येऊ लागल्या. तरी घरोघरी मोटरसायकल पोहोचली ती १९८५ च्या सीडी १०० आणि आरएक्स १०० नंतर. रस्ते असे, की चाळीस-पन्नासच्या पुढे काटा जाणं कठीण. खड्ड्यांच्या धक्क्यांत तीस ग्रॅमची तक्रार कोण ऐकणार? पंक्चरवाल्याने दोन पट्ट्यांनी टायर काढावा, ट्यूबला ठिगळ लावावं, टायर मनाला येईल तसा परत चढवावा, हीच रीत होती आणि त्या वेगांना ती पुरेशी होती.

मग वीसेक वर्षांत सगळं एकदम बदललं. चौपदरी महामार्ग आले, अलॉय चाकं आली, ट्यूबलेस टायर आले. वेग वाढला, ओढ वर्गाने वाढली. पंक्चरवाल्याची रीत मात्र बरीचशी तीच राहिली. मोटारींच्या टायर दुकानात यंत्र असतं, पण मोटरसायकलचं चाक त्यावर बसवायचा जोड अनेकदा नसतो. गाडी यंत्राच्या काळात आली, कारागीर हाताच्या काळातला निवृत्त झाला, आणि मधल्या फटीत माझ्यासारखे लोक कोनसेट बदलत राहिले.

करायचं असेल तर

मामाची शिस्त अशी. आधी बेअरिंग आणि आउट तपासायचा. ढिल्या बेअरिंगच्या चाकाला वजनं लावणं म्हणजे ताप अंगात असताना थर्मामीटर बदलणं. टायरवर हलक्या जागेची रंगीत टिकली असेल, तर ती व्हॉल्व्हजवळ आणायची. पुढचं चाक काढलेलं असताना डिस्क ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतात. मागच्या चाकाला चेन मोकळी हवी. नाण्यांनी वजन ठरलं, की मोटारींच्या टायर दुकानातून पाच-पाच ग्रॅमच्या चिकट पट्ट्या आणायच्या. रिम पेट्रोलने पुसून, पूर्ण वाळवून, निम्मं वजन डाव्या आणि निम्मं उजव्या अंगाला लावायचं. साठ-सत्तर ग्रॅम लागायला लागले, तर वजनं वाढवत बसू नये. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघावं. ॲक्सलचा नट कसल्याची खात्री दोनदा करावी आणि ती स्वतः येत नसेल तर जाणत्याकडून करून घ्यावी.

शिशाबद्दल एक सांगायला हवं. जुनी वजनं आणि मामाची सोल्डरची तार शिशाची आहे. शिसं विषारी. युरोपीय संघाने २००५ पर्यंत मोटारींच्या चाकांवरून ती वजनं हटवली, आता लोखंडाची आणि जस्ताची मिळतात. जुनं शिसं हाताळलं तर हात साबणाने धुवावेत, आणि ते घरात वितळवायच्या फंदात पडू नये.

त्या दिवशी मामाने चिकट पट्ट्या लावल्या, चाक बसवलं आणि तीन नाणी मला परत केली. चौथं खिशात टाकत म्हणाला, "ही माझी मजुरी."

परतताना आई एसटी स्टँडकडे निघाली होती. मी म्हटलं, बस मागे. ती एकदा मामाकडे बघून बसली. किणी टोलनाका मागे पडल्यावर काटा सत्तरवर आला. मी मुठी सैल केल्या. आरशात मागचा ट्रक स्पष्ट दिसत होता, त्याच्या कपाळावरच्या लिंबू-मिरचीसकट. आईचा हात खांद्यावर होता, नुसताच ठेवलेला.